दुखापत, आजार किंवा अपंगत्वानंतर कामावर परतणे: कौशल्यांची नोंद, जुळणी आणि योजनेचा क्रम

दीर्घ आजार, दुखापत किंवा नव्याने आलेले अपंगत्व यांनंतर माणसाला कामावर परत आणण्याच्या योजना फसतात त्या बहुधा क्रम चुकल्यामुळे. डॉक्टरांकडून ‘हलके काम द्यावे’ असा दाखला येतो, कार्यालय मोकळी असलेली एखादी खुर्ची शोधते, मग त्या खुर्चीला जुळेल असे प्रशिक्षण शोधले जाते आणि थोड्याच काळात तो माणूस पुन्हा रजेवर जातो. या सगळ्यात त्याला काय काय येते, हा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो. पुढे दिलेला क्रम निदानापासून सुरू न होता कामापासून सुरू होतो आणि प्रशिक्षण त्यात बरेच उशिरा येते. परतणारा कर्मचारी, त्याचा वरिष्ठ आणि त्याच्यावर उपचार करणारे आरोग्य कर्मचारी अशा तिघांनीही तो वाचावा, कारण यांपैकी कोणाही एकट्याला पुरी माहिती नसते.

उदाहरणासाठी दोन माणसे डोळ्यांसमोर ठेवू: कमरेच्या मणक्याला दुखापत झालेली लसीकरण कक्षातील परिचारिका आणि उजव्या हाताची पकड गमावलेला वेल्डर.

## सुरुवातीपूर्वीची तयारी

कार्य, कौशल्य आणि क्षमता या तीन गोष्टी कागदावर तीन वेगळ्या रकान्यांत ठेवाव्यात. लसीची शीतपेटी उचलून टेबलावर ठेवणे हे कार्य आहे. पेटीतील तापमान २ ते ८ अंश सेल्सिअसच्या बाहेर गेले असल्यास कोणती लस बाजूला काढायची हे ओळखणे हे कौशल्य आहे. आणि जमिनीवरून किती किलो वजन किती वेळा उचलता येते ही क्षमता आहे. दुखापतीने परिचारिकेची क्षमता घटली आहे, कौशल्य तसेच आहे. ‘तिला आता हे काम जमणार नाही’ या एका वाक्यात तिन्ही गोष्टी एकत्र कोंबल्या जातात आणि शाबूत असलेले कौशल्यही खर्ची पडते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये स्वीकारलेल्या, माणसाचे कार्य, अपंगत्व आणि आरोग्य यांविषयीच्या ‘आयसीएफ’ या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात आणखी एक भेद केला आहे, तोही येथे उपयोगी पडतो. ठरावीक, सारख्या वातावरणात माणूस काय करू शकतो हे एक, आणि स्वतःच्या प्रत्यक्ष वातावरणात तो काय करतो हे दुसरे. उपचारकेंद्रातील चाचणी पहिल्याचे उत्तर देते. कामाच्या जागेची योजना मात्र दुसऱ्यावर उभी राहते.

तयारीत आणखी तीन गोष्टी उरकाव्यात. योजनेचा एक समन्वयक नेमावा. तो शक्यतो कर्मचाऱ्याचा थेट वरिष्ठ नसावा, कारण थेट वरिष्ठापुढे अडचणी मोकळेपणाने सांगितल्या जात नाहीत. कर्मचारी रजेवर असतानाच संपर्क सुरू ठेवावा, मात्र त्या संपर्कात ‘कधी येता’ हा प्रश्न नसावा. आणि आरोग्यविषयक माहिती कोणापर्यंत जाईल हे आधीच लेखी ठरवून घ्यावे.

इशारा: योजनेसाठी वरिष्ठाला निदान कळण्याची गरज सहसा नसते. ‘सलग ३० मिनिटांपेक्षा जास्त बसू नये’ एवढे कळले की पुरते. निदान फुटले की सहकारी आपापल्या ऐकीव माहितीवरून माणसाची क्षमता ठरवू लागतात.

## टप्पा १: काम सुटे करणे

पदाचे नाव किंवा नेमणूकपत्रातील कर्तव्यांची यादी येथे उपयोगाची नाही. त्या जागेवर आज काम करणाऱ्या माणसाशेजारी निदान एक पूर्ण पाळी बसून, तो प्रत्यक्ष काय करतो ते क्रमाने लिहावे. शक्य असल्यास दोन पाळ्या पाहाव्यात, एक सामान्य दिवसाची आणि एक गर्दीच्या दिवसाची, कारण योजना बहुतेक वेळा गर्दीच्याच दिवशी मोडते.

प्रत्येक कार्यापुढे पुढील गोष्टी नोंदवाव्यात:

- ते किती वेळ चालते आणि दिवसातून किती वेळा येते;
- शरीराची ठेवण कशी असते (उभे, बसून, वाकून, हात खांद्याच्या वर नेऊन);
- वजन किती असते आणि ते शरीरापासून किती अंतरावर धरावे लागते;
- वेग कोण ठरवते: कर्मचारी, यंत्र की समोरची रांग;
- आवाज, उजेड आणि उष्णता किती असते;
- चूक झाली तर काय होते, आणि ती कोणाच्या लक्षात येते.

वजनाबाबत नुसता किलोचा आकडा फसवतो. अमेरिकेतील ‘नायॉश’ या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेच्या उचलण्याच्या सूत्रात, सर्व परिस्थिती आदर्श असतानाही शिफारस केलेली मर्यादा २३ किलोची आहे, आणि ओझे शरीरापासून दूर गेले, कंबर वळवावी लागली किंवा उचलण्याची वारंवारता वाढली की ती झपाट्याने खाली येते. हा हिशोब धडधाकट कामगारांसाठीचा आहे. कमरेच्या दुखापतीनंतर पाच किलोची पेटी पायांजवळून उचलणे आणि तीच पेटी खोल कपाटाच्या मागच्या कोपऱ्यातून ओढून काढणे ही दोन वेगळी कार्ये म्हणूनच लिहावीत.

वेग कोण ठरवते या प्रश्नाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. स्वतःच्या गतीने करता येणारे जड काम अनेकांना झेपते, पण रांगेच्या किंवा पट्ट्याच्या गतीने करावे लागणारे हलके काम झेपत नाही. दाखल्यातील ‘हलके काम’ या शब्दांना अर्थ नाही तो याच कारणाने.

पडताळणी: ही यादी त्या जागेवरच्या माणसाला वाचून दाखवावी. त्याने एकही दुरुस्ती सुचवली नाही, तर ती बारकाईने लिहिलेली नाही असे समजावे.

## टप्पा २: कौशल्यांची नोंद

हा टप्पा सर्वांत जास्त वेळ घेतो आणि सर्वांत जास्त वेळा गाळला जातो. अडचण अशी की अनुभवी माणसाला स्वतःची कौशल्ये सांगता येत नाहीत. वर्षानुवर्षे केलेले काम अंगवळणी पडते आणि ‘त्यात काय विशेष’ या सदरात जमा होते. ‘तुमची कौशल्ये कोणती’ असे थेट विचारले तर उत्तरादाखल पदवी आणि मशीनचे नाव मिळते. त्याऐवजी असे प्रश्न विचारावेत:

- नव्या माणसाला या कामातले काय शिकवायला सर्वांत जास्त वेळ लागतो?
- काम बिघडता बिघडता वाचले असा एखादा प्रसंग सांगा. तेव्हा सर्वांत आधी तुमच्या काय लक्षात आले होते?
- तुम्ही रजेवर असताना सहकारी तुम्हाला कशासाठी फोन करतात?
- कोणते काम लोक तुमच्याकडूनच करून घ्यायला पाहतात?

वेल्डरच्या उत्तरांतून सहसा ‘जोड देणे’ याच्या बरेच पलीकडले बाहेर येते: नकाशा वाचणे, धातूच्या जाडीवरून विद्युतप्रवाह ठरवणे, उष्णतेने पत्रा कोणत्या बाजूला ओढला जाईल याचा आधीच अंदाज घेणे, आणि जोडाकडे पाहून आत छिद्रे किंवा न वितळलेला भाग असण्याची शक्यता ओळखणे. यांपैकी उजव्या हाताची पकड लागते ती मोजक्याच ठिकाणी. परिचारिकेच्या बाबतीतही घाबरलेल्या पालकांशी बोलणे, कोणता डोस चुकला आहे ते नोंदीवरून शोधणे, लस दिल्यानंतरच्या निरीक्षणाच्या वेळात साधी भोवळ आणि तीव्र ॲलर्जीची प्रतिक्रिया यांतला फरक ओळखणे ही कौशल्ये कमरेवर अवलंबून नाहीत.

मिळालेली उत्तरे चार गटांत लिहावीत: हाताची, विचाराची, माणसांशी वागण्याची आणि स्वतःचे काम आखण्याची. चौथा गट रिकामा ठेवू नये. दीर्घ आजारातून गेलेली माणसे शक्तीचा हिशोब ठेवणे, औषधांच्या वेळा सांभाळून दिवस आखणे, मदत नेमकी कोणती हवी ते सांगणे हे शिकलेली असतात. मात्र त्याचे कौतुक करत बसू नये. कामात त्याचा जिथे उपयोग होतो तिथेच ते यादीत लिहावे.

प्रत्येक कौशल्यापुढे ते शेवटचे कधी वापरले याची नोंद हवी. वापर थांबला की कौशल्ये सारख्या वेगाने झिजत नाहीत. हृदयक्रिया थांबलेल्या माणसाला छातीवर दाब देण्याचे ‘सीपीआर’ हे कौशल्य सराव नसेल तर काही महिन्यांतच घसरते, तर जोड पाहून दोष ओळखण्यासारखी अनुभवाने आलेली पारख त्या मानाने जास्त टिकते. जे लवकर झिजते त्याची उजळणी परतण्याआधीच ठरवावी.

नेहमीची चूक: केवळ प्रमाणपत्र असलेली कौशल्ये मोजणे. ज्यांचे शिक्षण कमी झाले आहे अशा कामगारांचे यात सर्वाधिक नुकसान होते, कारण त्यांची जवळजवळ सगळी कौशल्ये कागदाबाहेरची असतात. पुरावा म्हणून केलेले काम, सहकाऱ्यांचे म्हणणे किंवा छोटे प्रात्यक्षिक चालावे.

## टप्पा ३: क्षमतेची मोजणी

येथे डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट किंवा व्यवसायोपचारतज्ज्ञ (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) यांची भूमिका येते. त्यांच्याकडे जाताना टप्पा १ ची यादी सोबत न्यावी. यादी समोर नसेल तर डॉक्टरांना ‘तंदुरुस्त’ किंवा ‘अपात्र’ यांपैकी एक शब्द निवडण्यावाचून गत्यंतर नसते. यादी असेल तर उपयोगी दाखला मिळू शकतो, तो साधारण असा:

‘सलग ३० मिनिटे बसता येईल, नंतर पाच मिनिटे उठून चालावे. कमरेच्या उंचीवरून पाच किलोपर्यंत वजन उचलता येईल. जमिनीवरून उचलू नये. सध्याच्या औषधाने सकाळी गुंगी राहते, त्यामुळे दहापूर्वी डोस मोजण्याचे काम देऊ नये. चार आठवड्यांनी पुन्हा तपासणी.’

अशा दाखल्यात आकडे असतात, मुदत असते, आणि काय करता येते हे आधी लिहिलेले असते. शारीरिक हालचालींबरोबर लक्ष टिकणे, स्मरण, दृष्टी, ऐकणे, थकवा आणि औषधांचे परिणाम यांचीही विचारपूस व्हायला हवी. पक्षाघात किंवा मेंदूच्या दुखापतीनंतर चालणे-बोलणे पूर्ववत दिसत असतानाही गोंगाटात लक्ष टिकत नाही किंवा दुपारपर्यंत मेंदू थकतो. हे अपंगत्व वरून दिसत नाही आणि म्हणूनच दाखल्यात यायला हवे. मज्जारज्जूच्या दुखापतीनंतर व्हीलचेअरवर काम करणाऱ्याला दाबजखमा टाळण्यासाठी साधारण दर १५ ते ३० मिनिटांनी शरीराचा भार हलवावा लागतो. ही सवलत समजू नये, उपचारांचा भाग समजावे.

एका दिवसाच्या चाचणीवर विसंबू नये. उत्साहाच्या भरात माणूस पहिल्या दिवशी सर्व करून दाखवतो आणि त्याची किंमत दुसऱ्या दिवशी मोजतो. म्हणून लागोपाठ दोन दिवस मोजणी करून दुसऱ्या दिवसाचे आकडे धरावेत.

इशारा: काही विकारांत श्रमानंतर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी त्रास वाढतो आणि तो दिवसेंदिवस रेंगाळतो. मायॅल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस, म्हणजे दीर्घकालीन थकव्याचा विकार, यात हे ठळक असते आणि कोविडनंतर रेंगाळणाऱ्या आजारातही ते अनेकांत दिसते. अशा व्यक्तीला ‘दर आठवड्याला थोडे वाढवत न्या’ हा सल्ला अपाय करू शकतो. या विकारावरील ब्रिटनमधील ‘नाइस’ संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांतून ठरावीक प्रमाणात व्यायाम वाढवत नेण्याची उपचारपद्धती याच काळजीने वगळण्यात आली.

## टप्पा ४: जुळणी

आता टप्पा १ मधील प्रत्येक कार्यापुढे तीनपैकी एक खूण करावी: ‘होईल’, ‘बदल केल्यास होईल’, ‘सध्या होणार नाही’. खूण करताना कर्मचारी स्वतः हजर असायलाच हवा. त्याच्या गैरहजेरीत भरलेल्या तक्त्यात एक तर दयेने सगळीकडे ‘नाही’ लिहिले जाते, नाहीतर मनुष्यबळ कमी आहे म्हणून सगळीकडे ‘होईल’.

ज्या कार्यांत चूक झाल्यास जीव धोक्यात येतो ती वेगळी काढावीत. अपस्माराचे झटके अजून नियंत्रणात नसतील तर उंचीवरचे काम, उघडी फिरती यंत्रे आणि वाहन चालवणे ही कामे मध्यंतरी बाजूला ठेवावी लागतात. पण या कारणाने संपूर्ण पदच नाकारले जाते, ते चूक आहे. यादीतली दोन कार्ये वगळून उरलेली अठरा शाबूत राहत असतील तर ते पद त्या माणसाला झेपणारे आहे.

तक्ता पुरा झाल्यावर तो टप्पा २ च्या यादीशी ताडून पाहावा. ज्या कौशल्याला आता एकही कार्य उरले नाही त्याच्याभोवती वर्तुळ करावे. वेल्डरच्या बाबतीत दोष ओळखण्याची पारख अशी मोकळी पडते, आणि जोडांच्या तपासणीच्या कामाकडे जाण्याची वाट तिथूनच सापडते.

## टप्पा ५: आधी जागा बदलणे

‘बदल केल्यास होईल’ अशी खूण असलेल्या प्रत्येक कार्यासाठी उपाय याच क्रमाने शोधावेत: मांडणी बदलणे, पद्धत बदलणे, साधन देणे, वेळ बदलणे, आणि सर्वांत शेवटी सहकाऱ्याशी कामाची अदलाबदल करणे. पहिल्या दोन उपायांना खर्च अगदी थोडा येतो, तरी चर्चा तिसऱ्यापासून सुरू होते. परिचारिकेची शीतपेटी जमिनीवरून कमरेच्या उंचीच्या फळीवर आली, तर उचलण्याचा प्रश्न उरत नाही. अदलाबदल शेवटी ठेवण्याचे कारण असे की तिचा भार दुसऱ्यावर पडतो, आणि मोबदल्यात त्याला काय मिळाले हे स्पष्ट नसेल तर नाराजी साचते. परिचारिकेने सहकाऱ्याच्या नोंदी पूर्ण कराव्यात आणि त्याने तिचे साहित्य हलवावे, असा दोन्हीकडचा व्यवहार असेल तरच तो टिकतो.

संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारात, संस्थेवर अवाजवी भार पडणार नाही असे आवश्यक बदल करून देणे ‘वाजवी सोय’ मानले आहे आणि ती नाकारणे हा भेदभाव ठरवला आहे. कराराचे अनुच्छेद २७ कामाच्या हक्काविषयी आहे. तेव्हा मागणी करताना याचनेचा सूर लावण्याचे कारण नाही. मागणी लेखी करावी आणि तीत कार्य, अडचण आणि सुचवलेला बदल ही तीनच वाक्ये असावीत.

पडताळणी: साधन विकत घेण्यापूर्वी ते प्रत्यक्ष जागेवर, प्रत्यक्ष कामात वापरून पाहावे. दृष्टिहीन कर्मचाऱ्यासाठी स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी संगणक प्रणाली) आणला जातो आणि कार्यालयाच्या स्वतःच्या संगणक प्रणालीतील बटणांना नावेच दिलेली नसल्याने तो फक्त ‘बटण, बटण’ असे वाचत राहतो. अशा वेळी दुरुस्ती प्रणालीत करावी लागते, कर्मचाऱ्याला आणखी प्रशिक्षण देऊन भागत नाही.

## टप्पा ६: उरलेल्या उणिवेपुरते प्रशिक्षण

जागा बदलल्यानंतरही जी कार्ये अडतात, तेवढ्यांसाठीच प्रशिक्षण ठरवावे. सर्वांना सरसकट संगणकाच्या प्राथमिक वर्गाला पाठवणे ही जुनी खोड आहे. त्याने प्रमाणपत्र मिळते आणि काम मिळत नाही. तपासनीस होऊ पाहणाऱ्या वेल्डरला अहवाल लिहिणे आणि मोजमापाची साधने डाव्या हाताने वापरणे शिकावे लागेल. धातूचे प्राथमिक ज्ञान त्याला पुन्हा शिकवणे हा वेळेचा अपव्यय तर आहेच, अपमानही आहे.

शक्य असेल तेथे शिक्षण कामावरच व्हावे. गंभीर मानसिक आजार असलेल्या व्यक्तींसाठी ‘आधी नेमणूक, मग प्रशिक्षण’ या तत्त्वावर चालणारी ‘आयपीएस’ (इंडिव्हिज्युअल प्लेसमेंट अँड सपोर्ट) ही पद्धत अनेक देशांत तपासली गेली आहे, आणि आधी दीर्घ पूर्वतयारी करून घेणाऱ्या जुन्या पद्धतींपेक्षा तिच्यातून खुल्या बाजारातील नोकरी अधिक लोकांना मिळाल्याचे दिसले आहे. तीत नेमणुकीनंतरही आधार चालू राहतो, आणि तिचे नुसते अनुकरण करणारे नेमके तेच विसरतात.

प्रशिक्षणाची जागा, साहित्य आणि वेळ त्या व्यक्तीला वापरता येण्याजोगी आहेत का, हेही आधी पाहावे.

## टप्पा ७: पायरीपायरीने परतणे

कामाचे तास आणि कामाचा भार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एका वेळी एकच वाढवावी. दोन्ही एकदम वाढवल्या आणि त्रास झाला, तर तो कशाने झाला हे कळत नाही. सुरुवातीला आठवड्यातले तीन दिवस, एकाआड एक, अर्धी पाळी आणि फक्त ‘होईल’ अशी खूण असलेली कार्ये, ही बहुतेकांना सोसणारी मांडणी आहे. सलग तीन दिवस देऊन मग चार दिवस सुटी दिली तर विश्रांती योग्य वेळी मिळत नाही. दोन आठवडे त्रास न वाढता गेल्यावरच पुढची पायरी घ्यावी.

पूर्ण बरे होईपर्यंत थांबावे, हा सल्लाही सरसकट देऊ नये. साध्या कंबरदुखीत दीर्घ विश्रांतीपेक्षा झेपेल तेवढी हालचाल चालू ठेवणे हितकर असते, आणि रजा जितकी लांबते तितके परतणे अवघड होत जाते.

पहिल्या दिवसापूर्वी तीन गोष्टी लेखी असाव्यात: कमी तासांच्या काळातील वेतन आणि रजेचा हिशोब, वाटेत त्रास झाल्यास कोणाला सांगायचे, आणि सहकाऱ्यांना नेमके काय सांगितले जाईल. हे शेवटचे वाक्य कर्मचाऱ्याने स्वतः ठरवावे.

थांबण्याच्या खुणा: रात्रभर विश्रांती घेऊनही सकाळी त्रास कायम असणे, वेदनाशामकांचे प्रमाण वाढत जाणे, सवयीच्या कामात नव्याने चुका होणे, सुटीचा पूर्ण दिवस झोपून काढावा लागणे. यांपैकी एकही खूण दिसली तर मागच्या पायरीवर यावे. त्यासाठी नव्या दाखल्याची अट घालू नये.

## टप्पा ८: फेरतपासणी आणि नोंदीची सोपवणूक

फेरतपासणीच्या तारखा योजनेतच लिहाव्यात. ‘गरज पडल्यास भेटू’ असे ठरले की भेट होत नाही. साधारण दोन आठवडे, सहा आठवडे आणि तीन महिने या टप्प्यांवर टप्पा ४ चा तक्ता पुन्हा भरावा. क्षमता वाढली असेल तर बंधने काढण्याची तयारीही हवी, कारण तात्पुरते म्हणून लिहिलेले बंधन विसरले गेल्याने कायमचे होते आणि माणूस बढतीच्या रांगेतून बाहेर पडतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८३ च्या करार क्रमांक १५९ मध्ये व्यावसायिक पुनर्वसनाचा हेतू सांगताना योग्य काम मिळणे आणि टिकणे यांबरोबर त्यात पुढे जाणेही धरले आहे. म्हणून तीन महिन्यांच्या भेटीत पुढच्या पदाविषयीचा प्रश्न आवर्जून विचारावा.

योजना फसली तर टप्पा ४ वर परत जावे, टप्पा १ वर नव्हे. कार्यांची आणि कौशल्यांची यादी तीच राहते, फक्त खुणा बदलतात. तेच पद, त्याच संस्थेतील दुसरे पद, दुसरी संस्था, या क्रमाने पर्याय पाहावेत. दुसऱ्या संस्थेकडे जाताना टप्पा २ ची कौशल्यांची यादी आणि टप्पा ५ मध्ये उपयोगी ठरलेल्या बदलांची यादी एवढीच सोबत द्यावी. क्षमतेचे वैद्यकीय कागद कर्मचाऱ्याने स्वतःकडे ठेवावेत.

एक बाब राहते ती वरिष्ठ बदलण्याची. तोंडी ठरलेली सोय नव्या वरिष्ठाला ठाऊक नसते आणि सगळी चर्चा पुन्हा सुरू होते. म्हणून मान्य झालेले बदल, त्यांची कारणे (निदान वगळून) आणि पुढील फेरतपासणीची तारीख असलेले एक पानाचे टिपण दोघांच्या सहीने तयार करावे, त्याची एक प्रत कर्मचाऱ्याकडे आणि एक समन्वयकाकडे ठेवावी आणि पदभार सोपवताना ते नव्या वरिष्ठाच्या हाती देण्याची जबाबदारी समन्वयकाच्या नावावर लिहून ठेवावी.